थायलंडमध्ये निवृत्त नवरा-बायकोला राहायचं असेल तर बँकेत किती पैसे लागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचं वय ५६, पत्नीचं ५३, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलीय आणि आता चियांग मायला येऊन राहायचा विचार आहे. कुठे ८ लाख बाट (थायलंडचं चलन) वाचलंत, कुठे ४ लाख, आणि कुणी सांगितलं की दोघांचे मिळून १६ लाख लागतात.

आम्ही दोघं इथेच राहतो आणि इथे राहण्याच्या परवानगीची दरवर्षी मुदतवाढ घेतो, म्हणून सरळ सांगतो. निवृत्त माणसाला थाई बँकेत ८ लाख बाट, वय किमान ५०. ४ लाखांचा आकडा ज्यांचा जोडीदार थाई नागरिक आहे त्यांच्यासाठी, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. १६ लाखांची सक्तीही नाही, कारण पत्नीला तुमच्यावर अवलंबून म्हणून तुमच्याच ८ लाखांवर मुदतवाढ मिळते. तरी मी १६ लाखांच्याच बाजूने बोलणार आहे. कारण पुढे येईल.

बाटला पावणेतीन रुपये धरले तर ८ लाखांचे २२ लाख रुपये होतात. दुसरा मार्ग दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न दाखवण्याचा, पण त्यासाठी महिना पावणेदोन लाखांच्या वर पेन्शन हवी. तेवढी नसेल तर ठेवीचाच मार्ग धरा.

लोकांची धावपळ होते ती तारखांमुळे. आधी ९० दिवसांचा नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा (निवृत्तांना सुरुवातीला मिळणारा) मिळतो आणि त्याच्या शेवटच्या महिन्यात वर्षाच्या मुदतवाढीचा अर्ज करायचा. अर्जाच्या दिवशी पैसे थाई बँकेत दोन महिने पडून असले पाहिजेत. म्हणजे आल्यापासून तीन-साडेतीन आठवड्यांत खातं उघडून रक्कम जमा झालीच पाहिजे. घर बघणं, फिरणं, सगळं त्यानंतर. मुदतवाढ मिळाल्यावरही तीन महिने ८ लाखांना हात लावायचा नाही. पुढे ४ लाखांच्या खाली जायचं नाही, आणि पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा ८ लाख भरलेले हवेत. म्हणून ही रक्कम घरखर्चात धरूच नका.

खातं एकट्याच्या नावावर उघडा, जॉइंट नको. अर्जाच्या दिवशी सकाळी आधी बँकेत जायचं, १०० बाट भरायचे आणि पासबुकात त्याच दिवसाच्या तारखेची ओळ छापून घ्यायची. सोबत बँकेचं पत्र. मगच इमिग्रेशनच्या रांगेत. पासबुकातली शेवटची ओळ आठवड्यापूर्वीची असेल तर परत पाठवतात. फी १,९०० बाट. मुदतवाढ हातात आली की देशाबाहेर पाऊल टाकण्याआधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी, घ्या (एकदाचं १,००० बाट, कितीही वेळा जाण्या-येण्यासाठी ३,८००), नाहीतर भाच्याच्या लग्नाला पुण्याला जाल आणि वर्षभराची मुदतवाढ तिथेच संपेल. शिवाय दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो.

भारतातून पैसे पाठवताना उदारीकृत प्रेषण योजनेखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवण्याची योजना, एलआरएस) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती तुम्हाला पुरून उरेल. खिशाला चिमटा बसतो तो टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते त्या कराचा. आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के कापले जातात. २२ लाख एकदम पाठवलेत तर २ लाख ४० हजार अडकतील. विवरणपत्र भरल्यावर ते मिळतात, पण तोवर हात आखडतो. तुमच्या तारखा जुळत असतील तर ११ लाख मार्चअखेर आणि ११ लाख एप्रिलच्या सुरुवातीला पाठवा, कपात ४० हजारांवर येते. पैसे परदेशातून आल्याची नोंद थाई बँकेकडून लेखी घेऊन ठेवा. आणखी एक: वर्षात १८० दिवस इथे राहिलात की तुम्ही इथले करनिवासी, आणि २०२४ पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर इथे कर लागू शकतो. १ जानेवारी २०२४ च्या आधीची बचत त्यातून वगळली आहे, तेव्हा ३१ डिसेंबर २०२३ ची शिल्लक दाखवणारी स्टेटमेंट्स जपून ठेवा.

पत्नीच्या मुदतवाढीसाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो. आपल्या पिढीतल्या कितीतरी जोडप्यांकडे लग्नपत्रिका आणि अल्बम असतो, दाखला नसतो. नसेल तर आताच महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत उशिराची नोंदणी करून घ्या. पासपोर्टवरचं वहिनींचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळतंय ना, तेही बघा. पुढे परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण, मग थाई भाषांतर आणि त्यावर इथला शिक्का. या कामाला महिने जातात.

आता १६ लाखांचं. इथे आमच्या ओळखीतले एक गृहस्थ अचानक गेले. खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. थाई बँक खात्याला आपल्यासारखं नॉमिनेशन नसतं. खातेदार गेला की खातं गोठतं आणि कोर्टाने वारसा व्यवस्थापक नेमेपर्यंत पैसे निघत नाहीत. शिवाय त्यांच्या पत्नीची मुदतवाढ नवऱ्याच्या मुदतवाढीवर टांगलेली, तोच आधार गेला. अंत्यविधी उरकत नाही तोवर त्या बाईंना वकील आणि इमिग्रेशनच्या दारात उभं राहावं लागलं, तेही हातात पैसा नसताना. आम्ही चार घरं सोबत होतो म्हणून निभावलं. ज्यांना कुणीच नाही त्यांचं काय होत असेल, या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

तुमच्या पत्नीचं वय ५० च्या वर आहे, म्हणजे त्या स्वतःच्या नावावर निवृत्तीची मुदतवाढ घेऊ शकतात. ऐपत असेल तर त्यांचे वेगळे ८ लाख त्यांच्याच खात्यात ठेवा. त्यांच्या पॅनवरून पाठवलेत तर १० लाखांची सूटही वेगळी मिळते. एवढे जमत नसतील तर निदान सहा महिन्यांचा खर्च त्यांच्या नावाच्या थाई खात्यात, तेवढीच मोठी ठेव भारतात त्यांच्या नावावर, आणि दोघांचंही थायलंडमधलं मृत्युपत्र, हे तीन पहिल्याच वर्षी करा. त्या खात्याचं एटीएम कार्ड त्यांच्याच पर्समध्ये असू द्या आणि ते त्यांनी स्वतः वापरून बघितलेलं असू द्या.