पिशव्या भरून धान्य येते, तरी मूल अन्न का लपवते?

"घरात खायला आहे, तरी मुलगा अन्न लपवून ठेवतो. त्याला चोरीची सवय लागली का?" अमेरिकेत फूड पँट्रीतून धान्य नेणारे पालक हा प्रश्न मला वारंवार विचारतात, आणि त्यामागे बहुधा आणखी एक प्रश्न दडलेला असतो: आईवडील म्हणून आपण कमी पडत आहोत का? फूड पँट्री म्हणजे देणगीतून आणि फूड बँकेकडून आलेले धान्य गरजू कुटुंबांना विनामूल्य देणारे केंद्र. ते एखाद्या चर्चमध्ये, मंदिरात किंवा वस्तीच्या सभागृहात चालते. आपली मंडळे अशा केंद्रांसाठी धान्य गोळा करतात, परंतु त्या रांगेत एखादी मराठी आईही उभी असू शकते हे आपल्याला सहसा सुचत नाही. पुढील अनुभव न्यू जर्सीतील अशाच एका आईचा आहे; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घटस्फोटानंतर ती नऊ वर्षांचा मुलगा आणि पंधरा वर्षांची मुलगी यांच्यासह एका घराच्या तळघरातील भाड्याच्या जागेत राहत होती आणि एका गोदामात पॅकिंगचे काम करत होती. मुलाला शाळेच्या शिक्षिकेने माझ्याकडे पाठवले होते, कारण दर सोमवारी सकाळी त्याच्या पोटात दुखे आणि त्याच्या दप्तरात कॉर्नफ्लेक्ससारख्या न्याहारीच्या सीरियलची पाकिटे सापडत. पहिल्याच भेटीत आई म्हणाली, "ताई, पँट्रीतून इतकं सामान येतं, तरी हा उशीखाली बिस्किटं ठेवतो. रागावले, समजावलं, काही उपयोग नाही." मी तिला विचारले, "काल रात्री तुम्ही स्वतः काय जेवलात?" ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मुलांचं झाल्यावर जे उरलं ते."

त्यानंतर आम्ही मुलाच्या वागण्याबद्दल फारसे बोललो नाही. महिन्याचे कॅलेंडर समोर ठेवले आणि त्यावर पैसे कधी येतात, कधी जातात आणि अन्न कधी संपते एवढेच लिहीत गेलो. एक तारखेला भाडे, त्यानंतर गाडीचा विमा, मग फोन आणि विजेचे बिल. भाडे थकले तर घर जाते, विमा चुकला तर गाडी चालवता येत नाही आणि गाडीशिवाय गोदाम गाठता येत नाही. मात्र जेवणात कपात केली तर कोणाचीही नोटीस येत नाही. त्यामुळे जेव्हा जेव्हा गोदामाने कामाचे तास कमी केले, तेव्हा तेव्हा ती तूट अन्नातूनच भरून निघाली. पँट्री गुरुवारी दुपारी उघडत असे आणि त्या वेळी गोदामात तिची कामाची पाळी असली की तो आठवडा रिकामा जाई. पिशव्यांत डबाबंद घेवडा, पास्ता आणि पीनट बटर असे. तेल, दूध आणि ताजी भाजी क्वचितच. स्वयंपाकघर घरमालकांबरोबर सामायिक होते आणि रात्री उशिरा तेथे चूल पेटवण्याची परवानगी नव्हती. म्हणजे घरात धान्य होते, पण ते शिजून वेळेवर मुलांच्या ताटात पडेलच याची खात्री नव्हती.

मुलाने हे सारे आपल्या परीने ओळखले होते. शुक्रवारचे शाळेतील जेवण झाले की सोमवारपर्यंतचा काळ अनिश्चित असतो आणि महिन्याचा शेवटचा आठवडा सर्वांत कठीण जातो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. म्हणून हाताशी असेल तेव्हा तो साठा करत होता. माझ्या मते ही चोरी नाही. ज्या घरात अन्नाचा भरवसा नसतो, त्या घरातील मूल भरवसा स्वतः निर्माण करू पाहते, आणि त्याबद्दल शिक्षा झाली की ते अधिक खोलवर लपवू लागते.

या घराला पूर्वी स्नॅप, म्हणजे कार्डावर जमा होणारे सरकारी अन्नसाहाय्य, मिळत असे. डिसेंबरमध्ये गोदामात जादा काम मिळाले, उत्पन्न तात्पुरते वाढले आणि साहाय्य थांबले. जानेवारीत कामाचे तास निम्म्यावर आले, परंतु नव्याने अर्ज करण्यासाठी लागणारी कागदपत्रे जमवायला तिला ना सुटी होती ना धीर. कमाईतील असे चढउतार आणि त्यांच्या मागे कूर्मगतीने येणारी कागदपत्रे यांच्या फटीत मुलांची भूक वाढते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आईला सर्वाधिक वाटत होती ती लाज. आपण नियोजनात कमी पडतो, असे तिने मनाशी पक्के केले होते. म्हणून मी तिला अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे दाखवले. मुले असलेल्या कुटुंबांपैकी अन्नाची निश्चिती नसलेली कुटुंबे २०२१ मध्ये १२.५ टक्के होती. २०२२ मध्ये ती १७.३ आणि २०२३ मध्ये १७.९ टक्के झाली. एका वर्षात लाखो आया एकाएकी निष्काळजी झाल्या असे कोणी म्हणणार नाही. त्या काळात बदलले ते वेगळेच: २०२१ च्या जुलै ते डिसेंबर या काळात प्रत्येक मुलामागे, त्याच्या वयानुसार, दरमहा २५० ते ३०० डॉलर सरकारकडून कुटुंबांच्या खात्यात येत होते, ते थांबले, महासाथीत सर्व मुलांना सरसकट मोफत मिळणारे शाळेतील जेवण जून २०२२ नंतर बंद झाले, आणि भाडे व किराणा दोन्ही महागले. एकट्या आईच्या कुटुंबांत तर २०२३ मध्ये हे प्रमाण ३४.७ टक्के होते. हे वाचून ती प्रथमच मोकळेपणी रडली, आणि त्यानंतर आमच्या बोलण्याला वेग आला.

शाळेतील मोफत जेवणाचा अर्ज तिने कधीच भरला नव्हता, कारण वर्गातील मुले चिडवतील अशी तिला भीती होती. हा अर्ज वर्षभरात केव्हाही भरता येतो, जेवण कोणाला मोफत मिळते हे इतर मुलांना कळू देण्यास नियमानेच मनाई आहे, आणि २०२४-२५ पासून न्यू जर्सीत संघीय दारिद्र्यरेषेच्या २२४ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांनाही न्याहारी व जेवण मोफत मिळते, हे तिला ठाऊक नव्हते. आम्ही अर्ज भरला. स्नॅपचा अर्ज एका स्वयंसेविकेने तिच्याबरोबर बसून पूर्ण केला. पँट्रीच्या व्यवस्थापकांनी तिच्या वतीने मुलीला पिशव्या नेण्यास संमती दिली.

मुलासाठी एकच गोष्ट ठरवली: त्याच्या नावाचा एक डबा, त्यात शिजवावे न लागणारे खाणे, आणि तो डबा विचारल्याशिवाय उघडण्याची मुभा. डबा रिकामा होऊ द्यायचा नाही आणि दप्तर तपासायचे नाही, हे आईने मान्य केले. सुरुवातीला डबा दिवसाआड संपत असे, आणि ती घाबरून फोन करी. पुढे तो आठवडाभर पुरू लागला. मुलाचे वजन घटत असेल, तो रात्री उठून खात असेल किंवा खाऊन उलट्या करत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवे. या मुलाच्या बाबतीत तसे काही नव्हते.

खरी चिंता मला मुलीची वाटत होती. आई जेवत नाही हे पाहून ती "मला भूक नाही" असे म्हणू लागली होती आणि तिच्या या समजूतदारपणाचे घरात कौतुक होत होते. आईने मुलांसमोर बसून, थोडे का होईना, त्यांच्याबरोबरच जेवावे, असा आग्रह मी धरला. तिला हे सर्वांत अवघड गेले. स्नॅप पुन्हा सुरू झाल्यावर ती रात्रीचे एक जेवण मुलांसोबत घेऊ लागली आहे; मुलीबरोबरच्या माझ्या भेटी अजून सुरू आहेत.