आजोबांच्या दाखल्याचा शोध

दहावीच्या निकालानंतर माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणारे बहुतेक पालक एकच काळजी घेऊन येतात : डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लाखाच्या घरात जातो, तो झेपणार नाही, मग मुलीला विज्ञान शाखेला घालून उगाच आशा कशाला लावायची? दिग्रस तालुक्यातील एका बंजारा तांड्यावरून आलेल्या वडिलांनीही तेच विचारले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चार एकर कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. ‘‘पोरगी म्हणते डॉक्टर होतो, पण आपल्याजवळ पैसा कुठं आहे जी?’’ मुलगी मात्र वहीत प्रश्न लिहूनच आली होती आणि तिचा पहिला प्रश्न होता, ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते का. देता येते, पण तिच्या महाविद्यालयात विज्ञान इंग्रजीतून शिकवले जात असल्याने तिने पुढे इंग्रजीच निवडली आणि एका वहीत ‘गुणसूत्र – क्रोमोसोम’ अशा जोड्या मांडायला सुरुवात केली.

पैशाचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गातील जी मुले दहावीनंतर अकरावी विज्ञानला जातात, त्यांच्यासाठी नागपूरची ‘महाज्योती’ ही शासकीय संस्था नीटचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते आणि सोबत टॅबही देते. अनुसूचित जातींसाठी ‘बार्टी’ आणि अनुसूचित जमातींसाठी ‘टीआरटीआय’ या पुण्याच्या संस्था आहेत. बंजारा समाज राज्यात विमुक्त जातीत येतो, म्हणून महाज्योतीचा अर्ज आम्ही त्याच महिन्यात भरला. (टॅब मिळाला म्हणजे अभ्यास झाला असे नव्हे. तांड्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळायची, त्यामुळे तिचे तास तिथेच, दगडावर बसून व्हायचे.)

मला धास्ती होती ती जात वैधता प्रमाणपत्राची. त्यापूर्वी एका मुलाच्या बाबतीत मी चुकले होते. वर्षभर त्याच्याशी गुणांविषयीच बोलत राहिले, कागदांचे विचारलेच नाही, आणि प्रवेशाच्या वेळी वैधता हातात नसल्याने त्याला राखीव जागेवरचा दावा सोडावा लागला. जातीचा दाखला तहसीलमधून मिळाला की काम झाले, असे बहुतेक घरांत धरून चालतात. प्रत्यक्षात राखीव जागेवरील प्रवेशासाठी पडताळणी समितीची वैधताही लागते, आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत तिथे 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख 10 ऑगस्ट 1950, तर इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 आहे. ज्या कुटुंबात दोन पिढ्यांपूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नाही, त्या कुटुंबाकडेच सर्वांत जुना शाळेचा कागद मागितला जातो, हे मला आजही पटत नाही.

म्हणून अकरावीच्या दिवाळीतच शोध सुरू केला. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, नाव सापडेना. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, असे वडील ठामपणे सांगत होते. खुद्द आजोबांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘एक साल गेलो होतो, मग मास्तरानं मारलं.’’ शेजारच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांनी उधळी लागलेले दाखल-खारीज रजिस्टर टेबलावर ठेवले आणि पट्टीच्या टोकाने पाने उलटली. 1957 सालची नोंद निघाली. जातीच्या रकान्यात ‘लमाण’ असे लिहिले होते, आणि मुलीच्या दाखल्यावर ‘बंजारा’. वडिलांचा चेहरा उतरला. परंतु विमुक्त जाती ‘अ’च्या यादीत ही दोन्ही नावे एकाच नोंदीखाली येतात, त्यामुळे अडचण नव्हती. वंशावळ आणि शपथपत्र जोडून अर्ज महाविद्यालयामार्फत गेला, आणि बारावीची परीक्षा होण्यापूर्वी वैधता हाती आली. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, आम्ही दोन काढले, कारण राज्यात विमुक्त जातीत मोडणारा बंजारा समाज केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील अखिल भारतीय कोट्याच्या 15 टक्के जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

नीटमध्ये ती पात्र ठरली, परंतु एमबीबीएसपर्यंत तिचे गुण पोहोचले नाहीत. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटीही द्यावी असा मी आग्रह धरला होता, आणि त्या वेळी ती माझ्यावर रुसली होती. आज ती शासकीय महाविद्यालयात त्या 4 वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज ती महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर स्वतःच भरते.

मागच्या महिन्यात वडील पुन्हा आले, धाकट्या मुलाला घेऊन. ‘‘हिची वैधता याले चालते काय जी?’’ तीच वैधता चालत नाही, अर्ज त्याचा स्वतंत्रच करावा लागतो. पण सख्ख्या बहिणीची वैधता हा भक्कम पुरावा धरला जातो. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली रजिस्टरची नक्कल काढली. पाच झेरॉक्स आधीच काढून आणल्या होत्या.