बाबा रोज तासभर चालतात, तरी जमिनीवरून उठताना हात का लागतो?

तू पुण्यात आणि आईबाबा इथे बडोद्यात. बाबा ७१ वर्षांचे. रोज सकाळी कमाटीबागेत तासभर चालतात, मोबाइलवर दहा हजार पावलं झाल्याशिवाय घरी येत नाहीत. तरी यंदा गणपतीच्या आरतीनंतर मांडी सोडून उठताना त्यांना भावाचा हात धरावा लागला. आई ६६ वर्षांची. गुडघ्यांमुळे तिनं चालणंही कमी केलंय आणि जिमचं नाव काढलं की हसण्यावारी नेते. डॉक्टरांनी "वय झालं, चालायचंच" म्हणून सोडून दिलं. ट्रेडमिल घेऊ का आणि प्रोटीन पावडर सुरू करू का, हे तुझे दोन प्रश्न.

वयानं मी तुझी मावशी शोभेन, म्हणून एकेरीत लिहिते. मी डॉक्टर नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर मांजलपूरला आमच्या सोसायटीत साठीपुढच्या बायकांचा व्यायामगट चालवते, आता दोन-तीन आजोबाही येतात. त्यामुळे तुझ्या बाबांसारखी माणसं रोज डोळ्यांसमोर असतात.

बाबांचं चालणं उत्तम आहे, ते बंद करायचं नाही. हृदय, रक्तदाब, साखर, झोप, शिवाय बाकावरच्या गप्पा, सगळं त्यात आलं. पण सपाटीवर चालण्यानं मांड्यांची ताकद राखली जात नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही आधी झिजतात ते झटक्यात जोर लावणारे तंतू. जमिनीवरून उठायला तेच लागतात, ठेच लागल्यावर पाय चटकन पुढे टाकून सावरायलाही तेच लागतात. संथ चालताना त्यांना कामच पडत नाही. म्हणून माणूस बागेला चार फेऱ्या मारतो आणि पाटावरून उठताना मात्र अडतो.

दहा हजार पावलांचं म्हणशील, तर तो आकडा कुठल्या डॉक्टरानं ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. पुढे २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्क बायकांचा, सरासरी वय ७२, मोठा अभ्यास झाला. त्यात दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७५०० नंतर फायदा वाढायचा थांबला. तेव्हा बाबांनी शेवटची दोन हजार पावलं सोडून दिली तर काही बिघडत नाही. तो वेळ मला हवा आहे.

तुझे बाबा बडोद्यातच वाढले असतील, तर त्यांना दांडिया बाजारातल्या माणिकरावांच्या आखाड्याबद्दल विचार. जुम्मादादा व्यायाममंदिर. त्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं तिथे किंवा दुसऱ्या एखाद्या तालमीत जोर-बैठका काढत मोठी झाली. पुढे नोकरी लागली, स्कूटर आली, बैठका सुटल्या, आणि निवृत्तीनंतर व्यायाम म्हणजे फक्त चालणं एवढंच उरलं. मला तर वाटतं, 'मॉर्निंग वॉक'नं आपल्या पुरुषमंडळींचं एक नुकसान केलं: व्यायाम झाल्याचं समाधान मिळतं आणि ताकदीचा विषयच निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस नीट वाचली तर त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारख्या हालचालीबरोबर दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळायचा सरावही. आपण पहिलं वाक्य तेवढं पाठ केलं.

म्हणून बाबांना एकदम जुन्या बैठका काढायला लावू नकोस. टाचा उचलून, भराभर, पूर्ण खाली जाणारी आखाड्याची बैठक विशीतल्या गुडघ्यांसाठी ठीक आहे. सत्तरीत खुर्ची घ्यायची.

आधी एक चाचणी. हात नसलेली, साधी जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, म्हणजे मागे सरकणार नाही. बाबांनी पुढच्या बाजूला बसायचं, पावलं जमिनीवर सपाट, दोन्ही हात छातीवर आडवे. आता ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून परत बसायचं, असं किती वेळा होतं ते मोज. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि पासष्ट ते एकोणसत्तरच्या बाईला ११ पेक्षा कमी जमलं, तर पाय कमजोर आहेत असं धरतात. हात टेकावा लागला तर शून्य. शेजारी कोणीतरी उभं राहा. बाबांचा आकडा कमी आला तर ते म्हणतील, खुर्चीच बुटकी आहे. आमच्याकडे प्रत्येक आजोबा हेच म्हणतात.

व्यायामही हाच. फरक एवढाच, की तिथे घाई नाही. उठताना नाक पावलांच्या पुढे येईल इतकं वाकायचं, तळव्यांनी जमीन दाबायची आणि उभं राहायचं. खरं काम बसताना असतं. आमच्या गटात एक गुजराती बेन आल्या, चांगल्या उत्साही, पण बसताना शेवटची वीतभर उंची धपकन सोडून द्यायच्या. स्टीलची खुर्ची कुरकुरायची आणि बाकीच्या हसायच्या. त्यांना सांगितलं, एक-दोन-तीन मोठ्यानं म्हणत खाली या आणि तिनाला खुर्चीला टेका. पहिल्याच दिवशी मांड्या थरथरायला लागल्या. "अरे, हे तर अवघड आहे" म्हणाल्या. मोठ्यानं मोजण्यात आणखी एक सोय आहे, श्वास कोंडला जात नाही. दम धरून जोर लावला की रक्तदाब एकदम वर जातो, आणि या वयात तेच टाळायचं.

आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ-दहा. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. सहज गप्पा मारत पंधरा झाले म्हणजे आता वाढवायची वेळ आली. आईला सुरुवातीला जमलं नाही तर खुर्चीवर घट्ट उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेव, बैठक उंच झाली की सोपं जातं. मग उशी काढायची, नंतर छातीशी पाण्याची भरलेली बाटली धरायची, पुढे पिठाची पिशवी. हे वाढवत नेणं महत्त्वाचं. वर्षभर तेच दहा काढत राहिलं की शरीर आहे तिथेच थांबतं.

बाकीचं पटकन सांगते. हातांसाठी भिंतीला हात लावून जोर काढायचे, जमले की ओट्याला. पोटऱ्यांसाठी ओटा धरून टाचा वर-खाली. तोलासाठी दूध तापेपर्यंत ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहायचं, मग पाय बदलायचा. आणि फरशीच्या एका ओळीवरून टाच-बोट, टाच-बोट असं भिंतीच्या जवळून चालायचं. ओल्या फरशीवर नाही आणि गुळगुळीत चपला घालून तर नाहीच.

जमिनीवरून उठणं वेगळं शिकवावं लागतं, कारण एकदा अडलेली माणसं खाली बसणंच सोडतात आणि मग ते कायमचं जातं. सतरंजी अंथर, शेजारी भक्कम खुर्ची ठेव. आधी एका कुशीवर वळायचं, मग गुडघे आणि तळहात टेकून रांगायच्या स्थितीत यायचं, खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात ठेवायचे, चांगला पाय पुढे घेऊन पाऊल टेकवायचं आणि त्या पायावर भार देत उठायचं. खाली बसायचं ते याच्या उलट. कधी घरात एकटे असताना पडले, तर हीच पद्धत उपयोगी पडेल. हे मी प्रत्येकाकडून करून घेतेच, कितीही कां-कूं केली तरी.

"गुडघे झिजलेत, आता व्यायाम नको" हे आईला कोणीतरी सांगितलेलं असणार. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम हा पहिल्या उपचारांपैकी एक आहे. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की सांध्यावरचा ताण तो झेलतो. दुसऱ्या दिवशी मांड्या जड होणं, जिना उतरताना ठणकणं चालेल, दोन दिवसांत जातं. पण सांध्यात टोचल्यासारखी तीव्र कळ, सूज किंवा गुडघा अडकणं हे वेगळं, तिथे थांबून दाखवायचं. आणि आईला जिमला जायची काहीएक गरज नाही. साडी खोचूनही हे सगळं होतं. तिला गरब्याची हौस असेल तर नवरात्राच्या दोन-अडीच महिने आधी सुरू करायला सांग, मग एखादी फेरी तरी घेईल, उड्या आणि गिरक्या सोडून. बडोद्यातल्या बाईला यापेक्षा मोठं आमिष मला तरी माहीत नाही.

"आता या वयात काय ताकद येणार" असं बाबा म्हणाले तर त्यांना हे सांग. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धनिवासातल्या दहा जणांना, वयं ८६ ते ९६, आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता. मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीचपटीच्याही वर. माणसं थोडी होती आणि देखरेख कडक होती हे खरं, पण नंतरही असंच दिसत आलं आहे. बाबा त्यांच्यापुढे तरुण.

आता खाणं. व्यायाम केला आणि ताटात डाळ पाण्यासारखी असली तर स्नायू कशातून बनणार? या वयात वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत असं आता सांगतात. बाबा ६५ किलोचे धरले तर ६५ ते ७८ ग्रॅम. आपल्या घरांत सकाळी चहा-खारी किंवा पोहे, दुपारी पोळीभाजी आणि पातळ आमटी, रात्री खिचडी. बेरीज कर, पस्तीस-चाळीसच्या पुढे जात नाही. रविवारी फाफडा-जिलेबी असेल तर विचारूच नको. सेव-उसळीतली वाटाण्याची उसळ तेवढी चांगली, तर्री आणि वरचा शेवेचा डोंगर यांची वकिली मी करणार नाही.

पावडरीआधी हे बघ. पेलाभर दूध म्हणजे सुमारे ८ ग्रॅम. पन्नास ग्रॅम पनीर ९. वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ ६ ते ८. मूठभर दाणे ७. एक अंडं ६, खात असतील तर. कोरडे सोयाचे गोळे २५ ग्रॅम भिजवून भाजीत टाकले की १३. आणि हे तिन्ही वेळांना वाटून द्यायचं, कारण म्हाताऱ्या माणसांच्या नाश्त्यात बहुधा काहीच नसतं. पोह्यांत दाणे दुप्पट आणि बरोबर वाटीभर दही, एवढ्यानंही सकाळ सुधारते. पावडर वाईट नाही, पण भूकच मेलेली असेल किंवा चावता येत नसेल तेव्हा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारायचंच.

तपासण्यांत बी१२ आणि ड जीवनसत्त्व करून घे. शाकाहारी घर आणि त्यात साखरेसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ कमी निघायची शक्यता बरीच. त्यानं तळव्यांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि सगळे म्हणतात वय झालं. साखरेची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर व्यायामानं साखर एकदम उतरू शकते, उपाशीपोटी नको आणि खिशात साखरेची पुडी ठेवायची. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आधी ते डॉक्टरांना सांगायचं, खुर्चीचा व्यायाम नंतर. छातीत दुखणं, थोड्या श्रमानं धाप, हल्लीच झालेला हृदयविकार किंवा शस्त्रक्रिया यांतलं काही असेल तरी तसंच. पुन्हा "वय झालं" ऐकायला मिळालं तर दुसरा डॉक्टर बघ, किंवा थेट फिजिओथेरपिस्टकडे ने.

ट्रेडमिल घेऊ नकोस. चालणं त्यांना येतंच, आणि ती पाच-सहा महिन्यांत कपडे वाळत घालायच्या कामी येते. शिवाय घरात चालायला लागले तर बागेतले मित्र सुटतील, ते नुकसान मोठं. मे महिन्यात मात्र त्यांना सातच्या आत घरी यायला सांग. ट्रेडमिलच्या पैशांतून बाथरूममध्ये दोन मजबूत दांडे बसवून घे, एक कमोडजवळ, एक नळाजवळ, आणि भिंतीत नीट पक्के करून, चिकटवायचे नकोत.

बाबांच्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि खुर्चीच्या चाचणीचा आकडा इथे लिही. आणि आईचा गुडघा जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना, तेही विचारून कळव, त्यावरून तिच्यासाठी काय बदलायचं ते सांगते.