‘तुम्हाला मस्करी कळत नाही का?’

“मॅडम, सगळे हसतात, मग मलाच का लागतं?” हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बँकेतले येतात, शाळेतले येतात, आयटीतले येतात. ऑफिसात कोणीतरी खोडी काढलेली असते, सगळा विभाग खिदळलेला असतो आणि हा माणूस रात्रभर कूस बदलत पडलेला असतो. तक्रार करावी तर रडतराऊ ठरू, गप्प बसावं तर उद्या नवा प्रकार. आणि पोटात खोलवर एकच शंका, की दोष आपल्यातच असणार. अशाच एका गृहस्थांची ही हकिगत आहे, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल ते सगळं बदलून सांगते.

चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथे ते डिस्पॅचला आहेत. चाळिशीच्या आतले. बायकोने हट्टाने पाठवलं होतं, कारण रविवारची संध्याकाळ झाली की यांच्या पोटात कळ यायची आणि तपासण्या मात्र सगळ्या नॉर्मल. पहिल्या भेटीत खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी वाकून खालचा दांडा पाहिला, सीटवरून हात फिरवला आणि मगच टेकले. मी त्याबद्दल विचारलं तर दचकले. आपण असं करतो हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

डिस्पॅचचं काम म्हणजे दिवसभर चलनं, ट्रकवाल्यांची ओरड आणि कोणाचा तरी अडकलेला माल. अशा ठिकाणी थोडी टवाळकी लागतेच, नाहीतर माणूस कोमेजून जाईल. माउसच्या पोटाला सेलोटेपने कागद चिकटवून ठेवायचा, म्हणजे स्क्रीनवरचा बाण जागचा हलत नाही. खुर्ची गुपचूप तळाला उतरवून ठेवायची. नव्या पोराला स्टोअरमध्ये ‘डावखुरा स्क्रूड्रायव्हर’ आणायला धाडायचं. या सगळ्यात आमचे गृहस्थ मागे नव्हते. होळीला कापसाची भजी तळून डब्यात घेऊन जाणारे हेच. त्यांना थट्टा कळत नाही, असं कोणी म्हणू शकणार नाही.

मग एका १ एप्रिलला त्यांच्या टेबलावर पत्र आलं. कंपनीचं लेटरहेड, साहेबांची स्कॅन केलेली सही. कपातीच्या यादीत तुमचं नाव आहे, महिनाअखेर शेवटचा दिवस. त्याच सुमारास दुसऱ्या पाळीतल्या कंत्राटी मुलांना खरोखरच ब्रेक मिळाला होता, म्हणजे कामावरून कमी केलं होतं, त्यामुळे संशय यायला जागाच नव्हती. घराचा हप्ता चालू, मुलीची फी तोंडावर. त्यांनी बाथरूममध्ये जाऊन बायकोला फोन केला. बाहेर आले तर सगळे टाळ्या पिटतायत आणि एकजण मोबाइलवर शूटिंग करतोय. दुपारपर्यंत व्हिडिओ ग्रुपवर. पुढे कित्येक महिने कोणीही जाता येता विचारायचं, “काय, पत्र आलं का?”

“पण मॅडम,” ते मला म्हणाले, “व्हिडिओत मी हसतोय. मग मी कोणत्या तोंडाने सांगू?”

मी तो व्हिडिओ त्यांच्यासोबत बसून पाहिला. हसत होते खरे. पण डाव्या हाताने टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. बाकीच्यांच्या आधी त्यांचं हसू विझत होतं आणि कोणी यांच्याकडे पाहिलं की पुन्हा पेटत होतं. घाबरलेला, ओशाळलेला माणूस पुष्कळदा हसतो, समोरचा जमाव शांत राहावा म्हणून. त्या हसण्याला होकार समजणं ही या प्रकारातली सगळ्यात मोठी गफलत आहे, आणि ती खोडी काढणाऱ्यांइतकीच सोसणाऱ्यांचीही होते.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या. माणसं जोडणारा विनोद, अडचणीत स्वतःला सावरणारा विनोद, दुसऱ्याला खाली पाडणारा विनोद आणि चौथा, चारचौघांत सामावून घेतलं जावं म्हणून स्वतःलाच खाली पाडून घेणारा. आमचे गृहस्थ त्या चौथ्यात सरकले होते. “काय, पत्र आलं का?” याला त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, “पोस्टमन लाजतोय अजून.” सगळे हसायचे आणि यांच्या पोटात कळ यायची.

मी त्यांना वही ठेवायला सांगितली. काय झालं, कोणी केलं आणि रात्री झोप लागली का, एवढंच लिहायचं. दोनेक आठवड्यांनी वही घेऊन आले तेव्हा चेहऱ्यावर आश्चर्य होतं. सेलोटेप, खुर्ची, चहात मीठ, या नोंदींपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने ‘मजा आली’ असं लिहिलं होतं. झोप उडवणाऱ्या नोंदी सगळ्याच्या सगळ्या नोकरीवरून किंवा त्या व्हिडिओवरून होत्या. म्हणजे ते हळवे नव्हते. एका विशिष्ट जागी बोट घातलं जात होतं आणि ती जागा खरीच दुखरी होती. मी आणखी एक विचारलं: हीच खोडी तुम्ही साहेबांच्या मर्जीतल्या एखाद्या सहकाऱ्यावर उलटवू शकाल? ते ताबडतोब नाही म्हणाले. जिथे उलट खोडी काढायची सोय नसते, तिथे बरोबरीचा खेळ उरलेला नसतो.

पुढचा भाग कठीण गेला. पत्रामागचा मुख्य सूत्रधार हा त्यांचा जुना मित्र. त्याच्याशी काय बोलायचं याची आम्ही तालीम केली, मी मित्र झाले. दरवेळी ते शेवटी जोडायचे, “राग मानू नकोस, मीच जरा मनाला लावून घेतो.” ते शेपूट काढून टाकायला बराच वेळ लागला. उरलं ते असं: “तुझ्याशी मस्करी मला आवडते. नोकरी आणि घर, यावर नको. आणि तो व्हिडिओ आता फिरता कामा नये.” कारण द्यायचं नाही, बोलताना हसायचं नाही, आणि चारचौघांत तर मुळीच बोलायचं नाही. सगळ्यांसमोर माणूस आपली अब्रू सावरायला बघतो, ऐकून घेत नाही.

गेटाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना ते बोलले. मित्र म्हणाला, “अरे, तूच तर हसत होतास की!” यांनी उत्तर दिलं, “घाबरून हसत होतो.” मित्र गप्प झाला. त्याने स्वतःच्या मोबाइलमधला व्हिडिओ तिथेच काढून टाकला, इतरांनाही सांगितलं.

सगळे असे निघत नाहीत. त्यातला एक तरुण मुलगा “सरांना लागलं वाटतं” म्हणत चेकाळलाच. तेव्हा वहीतल्या तारखा आणि त्या पत्राची प्रत जोडून त्यांनी विभागप्रमुखांना मेल केला. कंपनीचं लेटरहेड आणि खोटी सही पाहिल्यावर व्यवस्थापनाला ती गंमत वाटली नाही, आणि प्रकार थांबला. माझा आग्रह असतो की आधी समोरासमोर, मग लेखी.

याला दोन अपवाद आहेत आणि तिथे मी टपरीवरच्या चहाची वाट पाहायला सांगत नाही. एक, शरीराशी खेळ. बसता बसता खुर्ची ओढल्याने माकडहाडाला, मणक्याला इजा होते. शॉपफ्लोअरवर कॉम्प्रेस्ड एअरचा पाइप ‘गंमत म्हणून’ अंगाला लावल्याने आतडी फुटून आपल्या देशात कामगार मेले आहेत. दुसरं, लैंगिक शेरे, फोटो, स्पर्श. महिलांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. तिथे कोण हसलं, कोण नाही, हा विचारच नको.

झोप, भूक बिघडली असेल आणि जवळ कोणी समुपदेशक नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

आमचे गृहस्थ अजून महिन्यातून एकदा येतात. पोटातली कळ खूप कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही. कपातीची खरी बातमी उठली की पुन्हा येते. मित्राशी पूर्वीसारखं जमतं. त्या तरुण मुलाशी मात्र कामापुरतंच बोलणं आहे, आणि ते तसंच राहू द्यायचं त्यांनी ठरवलं आहे.