साडेतीन हजारांची परिषद आणि घरामागची खाडी

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी मुंबई विद्यापीठात भूगोल घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या लिहितात, ‘रोज ऐरोली-ठाणे, ठाणे-कुर्ला आणि पुढे कलिना. घरी येते तेव्हा पार दमलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला कुठल्यातरी आंतरराष्ट्रीय परिषदेचं निमंत्रण येतं. आता एका ठिकाणी साडेतीन हजार भरायचे म्हणते, पेपर छापतील आणि प्रमाणपत्रही देतील. आम्ही दिवा कोळीवाड्यातले. सासऱ्यांची होडी होती, मिस्टर कंपनीत आहेत. पैसे भरायला ना नाही, पण त्यातून पुढे नोकरीचं काही होतं का? की सरळ बी.एड. कर म्हणून सांगू?’

ताई, नमस्कार.

हे साडेतीन हजार भरू नका. पण परिषदांच्या नादी लागू नकोस, असंही तिला सांगू नका. भूगोलाच्या मुलांना पहिली संधी बहुतेकदा माणसांच्या ओळखीतूनच मिळते, आणि ती माणसं परिषदेत भेटतात. प्रश्न कुठल्या परिषदेत जायचं आणि काय घेऊन जायचं, एवढाच आहे.

तिला आलेलं पत्रक तुम्ही स्वतः वाचा. भूगोल, वाणिज्य, शारीरिक शिक्षण आणि ग्रंथालयशास्त्र एकाच दिवसात उरकणार आहेत का? गोषवारा पाठवल्यावर दोन दिवसांत ‘स्वीकारला’ असं उत्तर येऊन लगेच पैशांचा क्यूआर कोड येतो का? हजर न राहताही प्रमाणपत्र मिळतं का? असं असेल तर तिचं काम तिथे कोणी वाचणार नाही, आणि न वाचलेल्या कामाचा नोकरीत उपयोग होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, मान्य संशोधन नियतकालिकांची ‘केअर’ यादीसुद्धा 2025 मध्ये बंद केली. आता चांगलं नियतकालिक कोणतं हे विद्यार्थ्याने आणि मार्गदर्शकाने स्वतःच पारखायचं आहे. म्हणून छापून आणायची घाई नको.

घेऊन काय जायचं, हे तुमच्या पत्रातच आहे. तुमच्या घरामागे ठाण्याची खाडी आहे. तिचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि 2022 मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली 1970 मध्ये आणि लँडसॅटचा पहिला उपग्रह उडाला 1972 मध्ये. म्हणजे नवी मुंबईचं जवळजवळ सगळं आयुष्य उपग्रहांनी टिपलेलं आहे, आणि ती चित्रं आज घरबसल्या फुकट मिळतात. तिच्या प्रबंधाचा विषय अजून पक्का झाला नसेल तर ऐरोली ते वाशी या पट्ट्यात तिवरं कुठे वाढली, कुठे गेली आणि चिखलाचे पट्टे कसे सरकले, हा विषय तिने मार्गदर्शकांपुढे ठेवावा.

इथे तिला तिचे आजोबा लागतील. हे मी आदरापोटी म्हणत नाही, तशी कामाची गरजच आहे. हल्लीचे लँडसॅट आणि सेंटिनेल हे उपग्रह आपल्या डोक्यावरून जातात ते सकाळी अकराच्या आगेमागे. पौर्णिमा-अमावस्येला आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, तर अष्टमीला सकाळ-संध्याकाळी सहाच्या. म्हणजे पौर्णिमेच्या चित्रात चिखल पाण्याखाली जातो आणि अष्टमीच्या चित्रात उघडा पडतो. दोन वेगवेगळ्या वर्षांची अशी दोन चित्रं शेजारी ठेवली की किनारा सरकल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तो जागचा हललेलाही नसतो. ही चूक मी भल्याभल्यांच्या सादरीकरणात पाहिली आहे. तुमच्या सासऱ्यांना तिथीवरून भरती सांगता येत असेल, उधाण (पौर्णिमा-अमावस्येची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीची लहान भरती) यांतला फरक तर त्यांच्या हाडात असेल. प्रत्येक चित्राच्या तारखेसमोर तिने तिथी लिहावी आणि त्या वेळी पाणी कुठवर असायचं ते त्यांना विचारावं. जुनी जाळी लावायच्या जागा नकाशावर त्यांच्याकडून खुणा करून घ्याव्यात. मग भरतीच्या सरकारी तक्त्याशी ताळा करावा.

असं काम हातात आलं की पहिला मुक्काम विद्यापीठातली ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तिथे वेगळा गट असतो आणि परीक्षक समोर उभे राहून प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची सवय व्हायलाच हवी. त्यानंतर पुण्याची इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन जिऑग्राफर्स, महाराष्ट्र भूगोलशास्त्र परिषद, देशपातळीवरची ‘नागी’ म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ जिऑग्राफर्स, इंडिया, आणि नकाशाशास्त्राची ‘इंका’. यांतल्या एकाच्या अधिवेशनाला तिने यंदा जावं. एकच पुरे. आवडलेल्या व्याख्यानानंतर त्या प्राध्यापकांशी दोन मिनिटं बोलावं, आणि आठवड्याच्या आत आपला नकाशा जोडून त्यांना ईमेल करावा. पुढे प्रकल्प सहायकाची जागा निघाली की असा ईमेल आठवतो. अमेरिकेतल्या किंवा लंडनच्या मोठ्या अधिवेशनांचा विचार पीएच.डी.च्या काळात करावा. तोवर विमानखर्चासाठी आयसीएसएसआर, म्हणजे सामाजिक शास्त्र संशोधनाची केंद्रीय परिषद, अशांसारख्या संस्थांकडे प्रवास अनुदान मागण्याइतकं काम तिच्या हाती असेल. आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र कलिन्यात तिच्या विद्यापीठाच्या आवारातच आहे, तिथे तिने एकदा जाऊन यावं.

आता नोकरीचं. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरचे निर्बंध सैल केले. भारतीय कंपन्यांना मोजणी करायला, नकाशे बनवायला आधी परवानगी घ्यावी लागत होती, ती गेली. महापालिकांचे मालमत्ता कराचे नकाशे, पाण्याच्या वाहिन्या, विकास आराखडे, किनारा नियमन क्षेत्राची आखणी, टेलिकॉम, पर्यावरण सल्लागार, या सगळ्यांना जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र, येणारी माणसं लागतात. स्पष्ट सांगते, पहिलं वर्ष बहुतेकदा डिजिटायझेशनमध्ये जातं, रेघा ओढण्यात, आणि पगारही बेताचा असतो. तिथून वर यायचं तर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या जोडीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि डेटाबेस हवा. क्यूजीआयएस फुकट आहे. इस्रोच्या डेहराडूनच्या आयआयआरएस संस्थेचे छोटे ऑनलाइन अभ्यासक्रमही विनाशुल्क असतात आणि त्यांचं प्रमाणपत्र या क्षेत्रात ओळखलं जातं. साडेतीन हजारांच्या प्रमाणपत्रापेक्षा हे कितीतरी खरं. ऐरोलीतच वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे तिने आपला नकाशा दाखवून इंटर्नशिपबद्दल विचारावं. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या मुलीने तिथे पाऊल न ठेवणं मला बरं वाटत नाही.

प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात, आणि घरातल्या मुलीला ‘अजून किती शिकणार’ हे कोणी विचारत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा दुसऱ्या वर्षातच पहिला प्रयत्न करावा. मात्र नेट झाली म्हणजे कायमची नोकरी झाली असं नाही. घड्याळी तासिकेवर, सीएचबीवर, वर्षानुवर्षं शिकवणारे नेटधारक मी जवळून पाहते, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. त्यामुळे नेट आणि जीआयएस दोन्ही हातात असू द्या.

बी.एड. वाईट नाही. एम.ए.सोबत बी.एड. असेल तर कनिष्ठ महाविद्यालयाचा रस्ता उघडतो. तिला वर्गात उभं राहायला आवडत असेल तर जरूर करू द्या. फक्त बाकी काही जमणार नाही या भीतीने नको.

आणखी एक जागा, जिच्याकडे भूगोलाच्या मुलांचं लक्ष कमी जातं. गोवंडीजवळची आयआयपीएस, म्हणजे लोकसंख्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था. देशाचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था हाताळते. माणसं कुठे राहतात, कुठून कुठे जातात, हा भूगोलच आहे. वाशीहून हार्बरने थेट गोवंडीला उतरता येतं, रोजच्या कुर्ल्याच्या गर्दीपेक्षा ते सोपं. एम.ए.नंतर आणखी शिकायचं ठरलं तर तिथल्या प्रवेशाची चौकशी करा.

या महिन्यात एवढंच करा. येत्या अष्टमीला सकाळी तिला आणि सासऱ्यांना खाडीवर पाठवा, मोबाइलमध्ये जीपीएस चालू ठेवून. आणि बाजूला काढलेल्या त्या साडेतीन हजारांतून तिला चांगले गमबूट घेऊन द्या, उरलेल्या पैशांत चित्रं साठवायला एखादी हार्ड डिस्क बसते का ते बघा.