गिधाडामागे दडलेला गरुड

“चित्र समोर दिसतंय, वस्तू ओळखीची आहे, पहिलं अक्षरही दिलंय आणि तरी नाव सुचत नाही. मला विस्मरणाचा आजार तर सुरू झाला नाही ना?”

पन्नाशी-साठीतली माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, वरचेवर येतात आणि दर वेळी हातात मोबाइल असतो. त्यावर एका अक्षराचं चित्रकोडं असतं: वर मोठा ‘ग’, खाली दहा-बारा चित्रं, प्रत्येकाचं नाव ‘ग’ने सुरू होणारं, कोपऱ्यात उलटे पळणारे सेकंद. नात्यातल्या गटावर रात्री कोडं पडतं, तरुण मंडळी पटापट उत्तरं टाकतात आणि ज्याचं उत्तर अडतं त्याची झोप उडते. एकदाच सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हा अनुभव लिहिते आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. सहा बैठकींतलं मोजकंच बोलणं इथे घेतलं आहे.

काका ६३ वर्षांचे, निवृत्त मुद्रितशोधक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पकडलेला माणूस. शब्द चुकणं ही त्यांच्या लेखी साधी गोष्ट नव्हती.

“मॅडम, काल ‘ग’ होता. पक्ष्याचं चित्र. माझ्या डोक्यात एकच, गिधाड, गिधाड, गिधाड. ते गिधाड नाही हे मला दिसत होतं. पूर्ण वेळ संपेपर्यंत झटलो. सुनेने तीन सेकंदांत लिहिलं.”

“काय लिहिलं?”

“गरुड.” मग खाली बघत म्हणाले, “पहिलीतल्या मुलाला येणारा शब्द.”

त्यांनी इंटरनेटवर वाचलं होतं की डॉक्टरसुद्धा एक अक्षर देऊन शब्द विचारतात आणि प्राण्यांची चित्रं दाखवून नावं विचारतात. ते खरं आहे. ‘मोका’ नावाच्या ३० गुणांच्या चाचणीत एका अक्षराने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगायचे असतात. इंग्रजी आवृत्तीत ११ शब्द झाले की त्या प्रश्नाचा एक गुण मिळतो. तीन प्राण्यांची चित्रंही ओळखायची असतात. पण नीट पाहा. तिथे अक्षर दिलेलं असतं तेव्हा विशेषनामांसारखे अपवाद सोडले तर कुठलाही शब्द चालतो आणि चित्र दिलेलं असतं तेव्हा अक्षराची अट नसते. मोबाइलवरचं कोडं दोन्ही अटी एकत्र बांधतं, वर घड्याळ लावतं आणि चारचौघांत निकाल जाहीर करतं. त्यामुळे ते या दोन्हींपैकी कुठलीच चाचणी उरत नाही. डॉक्टर एका प्रश्नावरून निदानही करत नाहीत. वय, शिक्षण, बाकीचे गुण आणि घरच्यांनी सांगितलेले बदल, सगळं एकत्र पाहिलं जातं.

हे सांगून काकांची भीती गेली का? नाही. माहितीने भीती क्वचितच जाते. माझ्या कामाचा पाया असा आहे की घटनेपेक्षा तिचा लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो आणि तो अर्थ माणसाने स्वतःच्या हाताने तपासला तरच बदलतो. म्हणून दुसऱ्या बैठकीत मी तेच चित्र छापून समोर ठेवलं. वरचा ‘ग’ कागदाने झाकला.

“काका, नाव विसरा. हे गिधाड नाही असं तुम्ही म्हणालात. कशावरून?”

“सरळ आहे. गिधाडाचं डोकं आणि मान जवळजवळ उघडी असते. याच्या मानेवर भरगच्च पिसं आहेत. गिधाड मेलेलं खातं, हा झडप घालून शिकार करतो. ते पंजे बघा.”

“आणि मी हट्टाने गिधाडच म्हणत राहिले तर?”

“तर मी तुमची चूक दुरुस्त करीन.”

“कशाच्या जोरावर? तुम्हाला तर शब्द येत नव्हता.”

ते बोलायचे थांबले. बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसणं हेच मोठं काम असतं. मग ते हळू म्हणाले, “म्हणजे तो पक्षी माझ्याजवळ होता. चुकीचा शब्द मी नाकारत होतो, कारण बरोबर वस्तू मला माहीत होती.”

“मग हरवलं काय होतं?”

“नावापर्यंत जायची वाट.”

हा बदल त्यांच्या तोंडून आला, माझ्या नव्हे, म्हणूनच तो टिकला. अशा अडखळीत वस्तूचं ज्ञान शाबूत असतं, अडतो तो नावाचा उच्चार. कुणी नाव सांगितलं की “हो, तेच!” असं चटकन तोंडातून निघतं, ही त्याची खूण. हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी, ब्राउन आणि मॅकनील यांनी, १९६६ मध्ये या अवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. विरळ शब्दांचे अर्थ वाचून दाखवायचे आणि शब्द ओळखायला सांगायचं. शब्द ओठांवर अडलेल्यांना पूर्ण शब्द येत नव्हता, पण त्याचं पहिलं अक्षर त्यांनी निम्म्याहून अधिक वेळा बरोबर सांगितलं. हे सगळे विद्यापीठातले तरुण विद्यार्थी होते. वयाबरोबर अशा अडखळी वाढतात, विशेषतः नावांच्या बाबतीत, हे खरंच आहे. पण म्हातारपणाची ती मक्तेदारी नाही.

मग पहिलं अक्षर दिलेलं असूनही काका का अडले? मला या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते इथे आहे. अक्षर एरवी मदत करतं. पण त्याच अक्षराचा, त्याच जातीचा दुसरा शब्द जवळपास असेल तर अक्षर त्यालाच बळ देतं. गरुड आणि गिधाड दोघेही मोठे पक्षी, दोघांचाही ‘ग’. चुकीचा शब्द आधी पोचतो आणि दारात उभा राहतो. जितक्यांदा आपण “गिधाड नव्हे, गिधाड नव्हे” म्हणतो तितक्यांदा गिधाडाचाच उच्चार होतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या वॉरिनर आणि हम्फ्रीज यांनी २००८ मध्ये दाखवलं की अडकलेल्या अवस्थेत १० सेकंदांऐवजी ३० सेकंद झटत ठेवलेली माणसं पुढच्या खेपेला त्याच शब्दावर अडकण्याची शक्यता जास्त होती. अडकण्याचाच सराव होतो. काका पूर्ण वेळ झटायचे, त्यामुळे तेच तेच शब्द पुन्हा अडायचे, आणि त्यावरून ते ‘आजार वाढतोय’ असा निष्कर्ष काढायचे.

त्यांना मी दहा दिवस वही ठेवायला सांगितली. मुद्रितशोधकाला समासातल्या खुणा नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. प्रत्येक अडखळीपुढे चारपैकी एक खूण करायची: चित्र कळलं नाही तर ‘चि’, चित्र कळलं पण दुसऱ्या पातळीचा शब्द आला तर ‘पा’, शब्द खरोखर ओठांवर अडला तर ‘ओ’, शब्द आला पण मोबाइलने नाकारला तर टंकनाचा ‘टं’.

दहा दिवसांनी वही उघडली आणि ते स्वतःच चकित झाले. ‘ओ’च्या खुणा सर्वांत कमी होत्या.

‘चि’मध्ये धूसर, अर्धी कापलेली चित्रं होती. ती कुणालाच कळली नसती. ‘पा’मधली गंमत समजून घेण्यासारखी आहे. चिमणीचं चित्र आणि वर ‘प’. मन आधी ‘चिमणी’ म्हणतं, कारण ओळखीच्या वस्तूला आपण नेमकं, रोजचं नाव देतो. उत्तर असतं ‘पक्षी’. इथे स्मरण अडत नाही, एक पायरी वर चढावं लागतं. कधी उलट, एक पायरी उतरावी लागते: झाडाचं चित्र, वर ‘व’, उत्तर ‘वड’. म्हणून सुचलेला शब्द अक्षरात बसला नाही की एकच प्रश्न विचारायचा, “याची जात कोणती, किंवा हा कशाचा प्रकार?”

‘टं’च्या खुणांवर काका चिडले होते, आणि ते योग्यच होतं. कुलपाच्या चित्राखाली पाच चौकटी होत्या. ‘कुलूप’ तीन अक्षरी, म्हणून त्यांनी तो शब्द सोडून दिला आणि पाच अक्षरी शब्द शोधत बसले. कारण असं की संगणक क, उकार, ल, ऊकार आणि प ही पाच चिन्हं वेगवेगळी साठवतो, आणि काही कोडी अक्षरांऐवजी चिन्हंच मोजतात. कोड्यातल्या एखाद्या सोप्या, खात्रीच्या शब्दाच्या चौकटी मोजून पाहिल्या की हिशेब कोणता आहे ते कळतं. ‘साळिंदर’ लिहिलं तर चूक, कारण कोड्याने फक्त ‘सायाळ’ भरलं होतं. प्राणी एकच, नावं दोन, दोन्ही ‘स’चीच. ‘कुलुप’ असा ऱ्हस्व लिहिला तरी नकार मिळतो. या सगळ्या नकारांना काका आतापर्यंत ‘मी विसरलो’ याच खात्यात टाकत होते.

उरल्या ‘ओ’च्या खुणा. त्यांच्यासाठी आम्ही एक क्रम बसवला. तो मी आता प्रत्येकाला देते. आधी अक्षराची बाराखडी तोंडाने, आवाज काढून फिरवायची: ग, गा, गि, गु, गे, गो, गं. प्रत्येकाला एखादा सेकंद, नजर चित्रावर. मग जोडाक्षरं: ‘ग’च्या कोड्यात ‘ग्रह’ आणि ‘ग्लास’ही येतात. ‘क्ष’ला ‘क’मध्ये धरलंय की वेगळं, ‘त्र’ ‘त’मध्ये येतो का, हे आधीच्या उत्तरांवरून पाहून ठेवावं. ‘ळ’ किंवा ‘ण’ दिलं असेल तर ते सुरुवातीचं अक्षर नव्हेच. मराठी शब्द त्यांनी सुरू होत नाहीत, ते अक्षर शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी शोधायचं.

आणि च, ज, झ आले तर दोन्ही उच्चार करून पाहायचे. हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. चिमणीतला ‘च’ वेगळा, चमच्यातला वेगळा. झेंड्यातला ‘झ’ वेगळा, झाडातला वेगळा. लिपीत अक्षर एक, तोंडात ध्वनी दोन. मन शब्द शोधतं ते ध्वनीवरून. एकदा ‘जिराफ’च्या ‘ज’वर गाडी गेली की ‘जाळं’ त्या वाटेवर सापडतच नाही.

एवढं दहा सेकंदांत झालं नाही तर थांबायचं. पूर्ण उत्तर उघडायचं नाही, फक्त दुसरं अक्षर मागायचं आणि शब्द आपण पूर्ण करायचा. ‘गरु’ दिसल्यावर ‘गरुड’ तुमच्या तोंडून निघायला हवा. मग तो दोनदा मोठ्याने म्हणायचा, एकदा लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच चित्र पुन्हा पाहायचं. चुकीचा शब्द मध्ये घुसत असेल तर मोबाइल उलटा ठेवून दोन मिनिटं उठावं. शब्द पुष्कळदा पाठ फिरवल्यावर येतो. घड्याळ बंद करता येत असेल तर बंदच ठेवावं.

ही कोडी खेळून विस्मरणाचा आजार टळतो असं मी कुणालाही सांगत नाही. कोडी खेळून माणूस कोडी चांगली खेळू लागतो, शब्द वापरात राहतात, माणसांशी बोलणं होतं. तेवढं पुरेसं आहे.

डॉक्टरकडे जावं ते वेगळ्या कारणांसाठी. नाव सांगितल्यावरही ओळख पटत नाही, वस्तू कशासाठी वापरतात हेच सांगता येत नाही, रोजच्या बोलण्यात साधे शब्द गळू लागलेत, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारला जातो, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकते, पैशांचे व्यवहार जमेनासे होतात. यातलं काही घरच्यांना महिनोन्‌महिने दिसत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. औषधं, अपुरी झोप, उदासी, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यावर इलाज होतो. आणि अचानक शब्द फुटेनासे झाले, बोलणं जड झालं, चेहऱ्याची एक बाजू ओघळली किंवा एक हात लुळा पडला, तर वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावं. तो पक्षाघात असू शकतो.

काकांच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. तरी मी त्यांना एकदा तपासणी करून यायला सांगितलं, कारण मनात शंका ठेवून समुपदेशन करू नये. अहवाल वयाला साजेसा आला.

शेवटच्या बैठकीला त्यांनी स्वतः तयार केलेलं कोडं आणलं होतं. अक्षर ‘ज’. चित्रं स्वच्छ, घड्याळ नाही, एका वस्तूची दोन नावं असतील तर दोन्ही ग्राह्य, चौकटी अक्षरांच्या हिशेबाने. जिराफ, जिना, जीभ आधी लावून त्यांनी मुद्दाम जहाज शेवटी ठेवलं होतं. आदल्या रात्री ते गटावर टाकलं होतं. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. शेवटच्या चित्राखाली सुनेचा निरोप होता, “बाबा, थांबा, सांगू नका, अगदी ओठांवर आहे.”