हवाना नव्वद मैलांवर

कोल्हापूर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला बसलो असताना तू मोबाइलवर नकाशा काढलास आणि फ्लोरिडातल्या की वेस्टपासून क्युबातल्या हवानापर्यंतचं अंतर बोटाच्या एका पेरात मोजून दाखवलंस. ‘काका, नव्वद मैल फक्त. शिडाच्या बोटीनं एक रात्र.’ मी काहीच बोललो नाही म्हणून तू हिरमुसून घरी गेलीस, असं तुझ्या आईनं सांगितलं. मला विचार करायला वेळ हवा होता. आता सविस्तर लिहितो. लिहिलेलं जवळ राहतं, पुन्हा काढून वाचता येतं.

तू जावंस असं मला मनापासून वाटतं, हे आधीच सांगून टाकतो. रत्नागिरी ते मालवण रात्रीचा वॉच, म्हणजे सुकाणूवरची पाळी, तू एकटीनं काढलायस, उलट्या होत असताना सुकाणू सोडलं नाहीस. तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती तुझ्या अमेरिकन मित्राच्या बोटीबद्दल, म्हणजे तिच्या मागच्या अंगाला जो झेंडा फडकतो त्याबद्दल.

क्युबाला जायला भारतीय माणसाला आपल्या सरकारची आडकाठी नाही. व्हिसा काढायचा, जायचं. आडकाठी अमेरिकेची आहे, आणि ती फक्त अमेरिकन नागरिकांना लागू आहे असं तू धरून चाललीस. तिथं गफलत झाली. तो कायदा अमेरिकन नागरिकाला जगात कुठंही बांधतो हे खरं, पण त्या वेळी जो कुणी अमेरिकेच्या भूमीवर आहे त्यालाही बांधतो, पासपोर्ट कुठलाही असो. कोल्हापुरात तू मोकळी आहेस. की वेस्टच्या धक्क्यावर उभी राहिलीस की तुझ्या मित्राइतकीच बांधलेली. तिथून पर्यटनासाठी म्हणून क्युबाला जायला बंदी आहे. कुटुंबाला भेटणं, पत्रकारिता, संशोधन, धर्मकार्य, क्युबन लोकांना आधार देणं अशा बारा प्रकारच्या कारणांसाठी मुभा आहे, पण ती माणसाला. बोटीचा हिशेब निराळा.

बोट परक्या देशात नेणं ही त्यांच्या कायद्यात तात्पुरती निर्यात धरतात. ओबामांच्या काळात सवलती मिळाल्या आणि काही वर्षं अमेरिकन याट खुशाल हवानाला जाऊन येत होत्या, शर्यतीसुद्धा झाल्या. ५ जून २०१९ पासून खासगी बोटींची ती सवलत काढून घेतली. आता त्यांच्या वाणिज्य खात्याचा त्या एका फेरीपुरता वेगळा परवाना लागतो, आणि हौसेच्या सफरीला तो मिळेल अशी आशा धरून तिकीट काढू नये. तू मला जे व्हिडिओ दाखवलेस त्यांच्या तारखा मी घरी येऊन बघितल्या. एक २०१६ चा, दोन २०१७ चे. त्या लोकांनी काही चोरून केलं नाही, त्यांच्या वेळी दार उघडं होतं. निर्बंध असलेल्या देशाची कुठलीही माहिती वाचताना मजकुराआधी तारीख वाचायची सवय लाव.

याशिवाय त्यांच्या तटरक्षक दलाचा एक अर्ज आहे, सीजी-३३०० नावाचा. फ्लोरिडाकडून निघून क्युबाच्या सागरी हद्दीत शिरणाऱ्या छोट्या बोटींना तो आधी मंजूर करून घ्यावा लागतो. याचं मूळ २४ फेब्रुवारी १९९६ च्या घटनेत आहे. क्युबाच्या हवाई दलानं त्या दिवशी दोन छोटी नागरी विमानं पाडली, चार माणसं गेली, आणि आठवड्याभरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली. त्या नव्वद मैलांत इतका राग साचलेला आहे, पोरी. नकाशावर तो दिसत नाही.

मला सगळ्यांत जास्त काळजी कशाची वाटते सांगू? त्या बोटीवर सगळ्यांत कच्ची तू असशील. काही बिनसलं तर तुझा मित्र वकील करील, दंड भरील, पुढच्या शनिवारी पुन्हा शीड चढवील. तुझ्या हातात दहा वर्षांचा अमेरिकेचा व्हिसा आहे, तो गेला तर परत मिळवताना किती हेलपाटे पडतात ते मी माझ्या हाताखालच्या पोरांचं पाहिलंय. म्हणून त्या मित्राला आजच साधं पत्र लिही: तुमच्या बोटीनं फ्लोरिडाहून मी येणार नाही. मेक्सिकोत येऊन भेटा असंही त्याला सुचवू नकोस, कारण तो अमेरिकन नागरिक आहे, कायदा त्याच्यासोबत मेक्सिकोतही येतो. ‘कोण बघतंय’ म्हणणारा माणूस बोटीवर घेऊ नये आणि आपणही तसलं माणूस होऊ नये.

मी व्यापारी जहाजावर होतो तेव्हा हाच कायदा आम्हाला दुसऱ्या बाजूनं भेटायचा. क्युबात माल उतरवलेल्या जहाजाला पुढचे १८० दिवस अमेरिकेच्या बंदरात माल चढवता-उतरवता येत नाही, असा १९९२ चा कायदा आहे. मी सेकंड ऑफिसर असताना आम्ही तिकडं तांदूळ उतरवला. कप्तानानं ब्रिजवरच्या कॅलेंडरवर निघाल्याच्या दिवसाला लाल गोल केला आणि १८० दिवस मोजून दुसरा गोल केला. सहा महिने वॉचवर येणारा प्रत्येक जण त्या दोन गोलांकडं बघायचा. एका बंदरात काढलेले तीन दिवस अर्ध्या वर्षाचा मार्ग ठरवतात, हे मी तिथं शिकलो.

आता जी वाट मला पटते ती. ओंटारिओच्या त्या कॅनेडियन जोडप्याचा, आमच्या बोटीवर ये असा निरोप तू बाजूला ठेवलायस, कारण त्यांची बोट जुनी आणि तिचा वेग कमी. मी तो निरोप वर काढला असता. कॅनडा आणि मेक्सिको या दोन देशांनी क्युबाशी संबंध कधीच तोडले नाहीत. त्यांची बोट मेक्सिकोत इस्ला मुहेरेसला नांगरलेली आहे. तू मुंबईहून युरोपमार्गे कानकूनला उतरायचं, अमेरिकेत पाय ठेवायचा नाही. तुझ्याकडं चालू अमेरिकन व्हिसा असल्यानं मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागणार नाही. क्युबाचा ई-व्हिसा इथूनच काढ, आणि तिथल्या मुक्कामाला वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, त्याचा छापील कागद ठेव.

ही वाट लांबची आहे, लपवत नाही. इस्ला मुहेरेसहून क्युबाचं पश्चिम टोक शंभर मैलांच्या वर, आणि पुढं किनाऱ्यानं मारिना हेमिंग्वेपर्यंत आणखी दीडशेवर. पाच नॉटनं, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी, धरलं तर दोन दिवस आणि वर काही तास, बराच वेळ पूर्वेचा वारा तोंडावर. मध्ये युकातानची सामुद्रधुनी, सुमारे २०० किलोमीटर रुंद, आणि तिच्यातून उत्तरेकडं धावणारा जबरदस्त प्रवाह. तू पंचगंगेच्या पुरात पोहणारी पोरं पाहिलीस ना? पलीकडच्या ज्या झाडाला लागायचंय त्याच्या बरंच वरच्या अंगाला ती पाण्यात उतरतात. तसंच इथं दक्षिणेकडं तोंड जास्त ठेवावं लागतं. प्रवाह दोन नॉटचा धरला आणि तुम्ही त्यात वीस तास राहिलात, तर बोट चाळीस मैल उत्तरेला गेलेली असेल. हा हिशेब कागदावर, पेन्सिलीनं, निघण्याआधी तू स्वतः कर. बोटीवरचं नकाशाचं यंत्र, प्लॉटर, करतं ते ठीक, पण तुला तो आकडा तोंडपाठ पाहिजे.

वाऱ्याचं एकच सांगतो, पण ते कोरून ठेव. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेच्या लाटा येतात, तिकडं त्यांना नॉर्दर म्हणतात. उत्तरेला धावणारं पाणी आणि समोरून उत्तरेचा वारा असं झालं की लाटा उंच होतात आणि जवळजवळ येतात, बोट एका लाटेवरून उतरेपर्यंत दुसरी छातीवर. अंदाजात ‘उत्तर’ हा शब्द असेल तर बंदर सोडायचं नाही, कॅनेडियन काकांनी कितीही घाई केली तरी. जूनपासून नोव्हेंबरअखेर चक्रीवादळांचा हंगाम. एप्रिलचा शेवट ते मे हा काळ मला बरा वाटतो. म्हणजे तुला उन्हाळी सुट्टीत आंबे सोडून जावं लागेल.

कागदांबद्दल सगळ्यात आधी तुझं नाव. हसू नकोस, मी यात पोळलोय. आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. स्पॅनिश भाषेच्या मुलखात माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. त्यामुळं आपलं मधलं नाव तिथला अधिकारी पहिलं आडनाव समजतो. एका बंदरात आमच्या एजंटानं क्रू लिस्ट टाइप करताना माझ्या वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं. पासपोर्टशी जुळेना. चार दिवस सगळे किनाऱ्यावर जाऊन आले आणि मी रेलिंगला टेकून गावातले दिवे बघत होतो. त्याच आठवड्यात घरून फोन यायचा होता, तो चुकला. तू क्रू लिस्ट स्वतः टाइप कर. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात ना, बाणांसारख्या खुणांच्या, त्यात जसं आडनाव-नाव आहे तसंच अक्षर न् अक्षर. पाच प्रती काढ.

मेक्सिको सोडताना बंदराचा निर्गमन दाखला घ्यावा लागतो, त्याला सार्पे म्हणतात. त्यावर पुढचं बंदर क्युबातलंच लिहिलेलं असू दे. काही जण ‘आडवाटेनं कुठंतरी’ असं मोघम लिहून घेतात. तसं करू नका. क्युबाच्या किनाऱ्यापासून बारा मैलांवर, म्हणजे त्यांच्या हद्दीशी, असताना व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ ला हाक द्यायची, पिवळा झेंडा चढवायचा, आणि तपासणी संपेपर्यंत कुणीही धक्क्यावर उडी मारायची नाही. ड्रोन नेऊ नकोस, कस्टम्स काढून घेतं. सॅटेलाइट फोन असेल तर तोही आधी विचारून. आईच्या कांदा-लसूण चटणीची पिशवी तू नेणारच, मला माहीत आहे. बिनलेबलची लाल पूड दारात कुणीही बोट घालून बघतं. वर स्पॅनिशमध्ये चिठ्ठी चिकटव आणि विचारण्याआधी स्वतःच पुढं कर.

पैसे नोटांत. अमेरिकन बँकेचं कार्ड तिथं चालत नाही, आपल्या बँकेच्या कार्डावरही विसंबू नकोस. आपल्या नियमानं परदेशी जाताना ३,००० डॉलरइतक्या परकीय नोटा नेता येतात. युरो घे, छोट्या नोटांत. आणि डिझेल जाता-येताचं पूर्ण भरून न्या. क्युबात इंधनाची आणि विजेची टंचाई आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये अख्ख्या देशाची वीज एकदम गेली होती. तिथल्या माणसाच्या वाट्याचं डिझेल आपण हौशी लोकांनी मागू नये असं मला वाटतं.

परत आल्यावर अमेरिकेचा व्हिसा पुन्हा काढशील तेव्हा डीएस-१६० च्या अर्जात गेल्या पाच वर्षांत कुठले देश पाहिले असा रकाना असतो. तिथं क्युबा लिहायचं. जानेवारी २०२१ पासून अमेरिकेनं क्युबाला पुन्हा दहशतवादाला पाठिंबा देणाऱ्या देशांच्या काळ्या यादीत घातलंय, त्यामुळं प्रश्न विचारतील. तुझ्याकडं सार्पे असेल, क्रू लिस्ट असेल, तारखेनिशी लॉगबुक असेल. शांतपणे उत्तर देता येईल.

मागे नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघींनी तारिणी या शिडाच्या बोटीवरून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, ऑक्टोबर २०२४ ला निघून मे २०२५ ला गोव्यात परत, तेव्हा तू रात्री अकराला फोन करून रडली होतीस आनंदानं. त्यांच्या मागं प्रत्येक बंदरात कागद बघायला अख्खं नौदल होतं. तुझ्या मागं तूच आहेस, आणि थोडासा मी.

रविवारी सकाळी पासपोर्ट घेऊन घरी ये. त्याआधी कॅनेडियन जोडप्याला लिहून त्यांच्या बोटीच्या विमा पॉलिसीची सगळी पानं मागव, पहिलं पान नको, सगळी. कुठल्या पाण्यात विमा चालतो त्याचं कलम शेवटी बारीक अक्षरात असतं. माझा चष्मा बदलून आलाय. आपण दोघं मिळून त्यात क्युबा शोधू.

तुझा,
काका